1984 चा मॅजिक जॉन्सन

1984 च्या एनबीए बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेनंतर मॅजिक जॉन्सनच्या डोक्यावर जे खापर फोडले गेले, त्यात न्याय फार थोडा होता. लॉस एंजेलिस लेकर्सचा हा पॉइंट गार्ड तेव्हा 24 वर्षांचा होता आणि 1980 व 1982 अशी दोन विजेतेपदे त्याच्या नावावर जमा होती. बोस्टन सेल्टिक्सने लेकर्सना 4-3 असे हरवले आणि पराभवाचा धनी म्हणून एकच नाव पुढे आले.

चुका झाल्या होत्या, हे खरेच. दुसऱ्या सामन्यात 113-113 अशी बरोबरी असताना शेवटची काही सेकंदे चेंडू त्याच्या हातात होता. तो टप्पे देत राहिला, पास उशिरा सुटला आणि शॉट मारण्याआधीच वेळ संपली. जादा वेळेत बोस्टन जिंकले. चौथ्या सामन्यातही 113-113 असतानाच त्याचे दोन फ्री थ्रो हुकले आणि तो सामनाही जादा वेळेत गेला. बोस्टनच्या केव्हिन मॅक्हेलने त्याला 'ट्रॅजिक जॉन्सन' म्हणून हिणवले.

पण दुसऱ्या सामन्यात ती बरोबरी झालीच कशी? लेकर्स दोन गुणांनी पुढे होते. त्यांच्याच जेम्स वर्दीने टाकलेला आडवा पास बोस्टनच्या जेराल्ड हेंडरसनने मधल्यामध्ये पळवला आणि थेट बास्केट केली. ही चूक लोक लवकर विसरले. चेंडू पुढे न्यायचा, चाल ठरवायची, मोकळा सहकारी हेरायचा, हे सगळे पॉइंट गार्डचे काम. सर्वाधिक वेळ चेंडू त्याच्याकडे असतो, त्यामुळे त्याची चूक साऱ्या स्टेडियमला दिसते. बचावात एक पाऊल मागे पडलेला खेळाडू सहज सुटून जातो.

आता या दोन सामन्यांच्या मधला तिसरा सामना पाहा. लेकर्सनी तो 137-104 असा जिंकला आणि मॅजिकने त्यात 21 असिस्ट दिले. ज्या पासवर सहकारी बास्केट करतो, त्याला असिस्ट म्हणतात. अंतिम मालिकेच्या एका सामन्यात तोवर इतके असिस्ट कोणीच दिले नव्हते. सातही सामने धरले तर त्याचे 95 असिस्ट झाले. हे सारे वगळून दोन-तीन वाईट क्षणांवर खेळाडूचा निकाल लावणे म्हणजे सामना न पाहताच त्यावर बोलणे.

पुढच्याच वर्षी लेकर्सनी बोस्टनला बोस्टनच्याच मैदानावर हरवून विजेतेपद घेतले. 1987 च्या अंतिम मालिकेत त्याच मैदानावर दोन सेकंद उरलेले असताना मॅजिकने विजयी हूक शॉट मारला, तोही मॅक्हेल आणि रॉबर्ट पॅरिश यांच्या हातांवरून. ती मालिका लेकर्सनी जिंकली आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मॅजिकला मिळाला. तेव्हा टीकाकार गप्प झाले. पण 1984 चा निवाडा करायला 1987 ची वाट पाहण्याची काहीच गरज नव्हती. ते 95 असिस्ट तेव्हाही नोंदलेले होतेच.