भट्टी तापली म्हणून अभिक्रिया उष्मादायी?

रासायनिक अभिक्रिया, म्हणजे एका पदार्थापासून निराळाच पदार्थ तयार होणं, ओळखताना आपण बुडबुडे, रंगातला बदल, तळाशी बसणारा साका आणि उष्णतेतला फरक या खुणा बघतो. खूण दिसली की लगेच नाव देऊन मोकळं व्हावंसं वाटतं, आणि चूक तिथेच होते. चुन्याचंच बघू.

चुनखडी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवली की तिची चुनकळी होते आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. एका पदार्थाचे दोन झाले, म्हणून हे अपघटन.

आता उष्णता. भट्टी धगधगतेय, म्हणून बरेच जण ही अभिक्रिया उष्मादायी, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, ठरवतात. पण धग कोळशाची असते. चुनखडी ती शोषते, १०० ग्रॅमला साधारण १७८ किलोज्यूल. म्हणून ही अभिक्रिया उष्माग्राही. भट्टीत दोन अभिक्रिया शेजारी शेजारी चालतात. आपण कोणत्या अभिक्रियेबद्दल बोलतोय, ते आधी ठरवावं.

या १०० ग्रॅममधून मिळालेली ५६ ग्रॅम चुनकळी पाण्यात विरवली की पाणी खदखदतं. हे बुडबुडे नव्या वायूचे नव्हेत, पाण्याच्याच वाफेचे. दोन पदार्थांचा एक झाला, म्हणून हा संयोग. आणि सुमारे ६५ किलोज्यूल बाहेर पडले, म्हणून उष्मादायी. (घरी करून बघू नये. शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती असते.)

हा चुना भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचं पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे चुनखडीतलंच द्रव्य. यात सुमारे ११३ किलोज्यूल सुटतात. भिंत मात्र गरम लागत नाही, कारण हे काम फार सावकाश चालतं. हाताला कळलं नाही म्हणजे उष्णता सुटलीच नाही, असं नव्हे. बेरीज करून बघा: ६५ आणि ११३, म्हणजे १७८. भट्टीत काढलेलं कर्ज दोन हप्त्यांत, तेही बिनव्याजी फिटलं.

हीच अभिक्रिया झटपट बघायची तर चुन्याच्या निवळीत नळीने हळूच फुंकावं (ओढू मात्र नये). निवळी दुधट होते. तो साका कॅल्शियम कार्बोनेटचा. पण फुंकतच राहिलो तर साका विरघळून पाणी पुन्हा नितळ होतं. उशिरा बघणारा म्हणेल, काहीच झालं नाही! म्हणून निरीक्षण त्या त्या वेळीच टिपावं.

उलटी फसगतही होते. नवसागर पाण्यात टाकला की ग्लास गार पडतो, पण पाणी आटवलं की नवसागरच परत मिळतो. नवा पदार्थ नाही, तर अभिक्रियाही नाही.

आणि ‘अपघटन म्हणजे उष्माग्राही’ अशी घोकंपट्टी नको. प्रकार आणि उष्णता या दोन वेगळ्या नोंदी आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन होणं हेही अपघटनच, पण त्यात उष्णता बाहेर पडते.