नेरीमिसो : एका बरणीतून निघणारे अनेक पदार्थ

जपानी भाषेत आत्मप्रौढीला ‘तेमाए मिसो’ म्हणतात. म्हणजे ‘आमच्या घरचा मिसो’. पूर्वी घरोघरी मिसो मुरवला जाई आणि ज्याला-त्याला आपलाच श्रेष्ठ वाटे, त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला. आता जपानातही तो बहुधा विकतच आणला जातो. परदेशस्थ मराठी घरांत हौसेने आणलेला डबा मात्र एकदा सूप करून झाले की शीतकपाटाच्या मागच्या बाजूला ढकलला जातो. त्याचा उत्तम उपयोग म्हणजे ‘नेरीमिसो’, अर्थात शिजवून घोटलेला मिसो.

मिसो म्हणजे शिजवलेले सोयाबीन, मीठ आणि ‘कोजी’ यांचे मुरवण. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर किंवा जवावर वाढवलेली एक उपयुक्त बुरशी. तिच्यातील विकरे पिष्टाची साखर करतात आणि प्रथिनांचे विघटन करून अमिनो आम्ले मोकळी करतात. मिसोची गाढ, रेंगाळणारी चव त्यांतूनच येते. कोजी अधिक, मीठ कमी आणि मुरवण काही आठवड्यांचे असेल तर मिसो फिकट व गोडसर होतो. दीर्घकाळ मुरलेला तांबडा मिसो खारट आणि उग्र. ओकाझाकीचा ‘हात्चो मिसो’ तर केवळ सोयाबीनचा. देवदारासारख्या लाकडाच्या प्रचंड पिंपांत, वर दगडांची रास रचून, तो दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे मुरवतात. ओकाझाकीच्या किल्ल्यापासून आठ ‘चो’, म्हणजे सुमारे 870 मीटर अंतरावरच्या गावात तो तयार होई, म्हणून हे नाव.

शाकाहारी वाचकांनी डबा घेतानाच सावध राहावे. ‘दाशी’ घातलेल्या मिसोत बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो, आणि समोरच्या बाजूला सोयाबीनचे चित्र असले तरी त्याचा उल्लेख मागे बारीक अक्षरांत सापडतो. जवाच्या मिसोत ग्लुटेन असते, हेही लक्षात ठेवावे.

कृती सोपी आहे, पण घाई चालत नाही. दोन मोठे चमचे मिरिन आणि तितकीच साके जाड बुडाच्या पातेल्यात मिनिटभर उकळावी. मग आच अगदी मंद करून 100 ग्रॅम फिकट मिसो आणि दोन मोठे चमचे साखर घालावी व लाकडी कालथ्याने सतत घोटावे. मिसो पटकन करपतो आणि करपला की कडवटपणा जात नाही. पातेल्याच्या तळाशी कालथ्याने ओढलेली रेघ सावकाश मिटू लागली की उतरवावे. गार झाल्यावर तो आणखी दाट होतो. तांबडा मिसो असेल तर साखर वाढवावी. मीठ मुळीच घालू नये.

मिरिन आणि साके ही दोन्ही मद्ये आहेत. उकळल्याने अल्कोहोल बरेचसे उडते, पूर्णपणे नाही. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी चार चमचे पाणी आणि एक चमचा जादा साखर घ्यावी. चकाकी थोडी कमी येते, एवढेच.

याचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग ‘देन्गाकु’: वांग्याचे उभे दोन भाग करून, गरावर चिरा देऊन तेलात मऊ भाजायचे, वर नेरीमिसो माखायचा आणि ग्रिलखाली डाग पडेपर्यंत ठेवायचे. तोफूचेही तसेच. हिवाळ्यात पांढरा जपानी मुळा जाड चकत्या करून मऊ उकडतात आणि त्यावर चमचाभर घालतात. व्हिनेगर मिसळले की उकडलेल्या भाज्यांसाठी आंबटगोड सॉस होतो. भाजलेल्या तिळाचे कूट घातले की गरम भातासोबत दुसरे काही लागत नाही.

वसंतात क्योतोकडे पांढऱ्या मिसोत ‘सांशो’ची कोवळी पाने वाटून घालतात. सांशो हा कोकणातल्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद. दोघांचे वनस्पतिकुल आणि प्रजाती एकच, जिभेला येणारी झिणझिणीही तीच. पाने मिळाली नाहीत तर बी काढून टाकलेल्या तिरफळाची चिमूटभर पूड घालून पाहावी. चिमूटच, कारण मिसोची चव दबली तर साऱ्या घोटण्यावर पाणी पडते. कोरड्या बरणीत, शीतकपाटात, नेरीमिसो तीन-चार आठवडे सहज टिकतो.