गोळी पोटात, हुकूम जनुकांना

हाडे दुखतात म्हणून डॉक्टर ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी लिहून देतात. आठवड्यातून एक, दुधातून. पुडीवर ६०,००० युनिट असा दणदणीत आकडा छापलेला असतो. प्रत्यक्षात आत जीवनसत्त्व असते दीड मिलिग्रॅम. बाकी सगळी भर. एवढ्याशा ऐवजाने शरीरात होते तरी काय? ‘हाडांना कॅल्शियम मिळते’ हे उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे आणि ते चूकही नाही. पण त्यातले काही रेणू मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरतात, पेशीच्या केंद्रकापर्यंत जातात आणि तिथल्या काही जनुकांना कामाला लावतात, काहींना गप्प बसवतात. होय, मोठ्या आतड्यात! ज्याच्याबद्दल चारचौघांत बोलायलाही आपण लाजतो, त्याच अवयवात.

गिळलेला रेणू तसा निरुपयोगीच असतो. रक्तातून तो यकृतात जातो, तिथे त्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटते. मूत्रपिंडात दुसरी चिकटते. आता कुठे तो कामाचा झाला, आणि खरे तर जीवनसत्त्व न राहता संप्रेरक झाला. हे तयार संप्रेरक रक्तात किती असते? एका मिलिलिटरमध्ये साधारण २० ते ६० पिकोग्रॅम. ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. बरे, मोठ्या आतड्याच्या पेशी मूत्रपिंडाच्या भरवशावर बसलेल्याही नसतात. दुसरी जोडी चिकटवण्याची सामग्री त्यांच्याकडे स्वतःची असते. अर्धवट माल रक्तातून उचलायचा आणि शेवटचा हात घरच्या घरी फिरवायचा.

पुढचा भाग मला सगळ्यांत विलक्षण वाटतो. पेशीत ‘व्हीडीआर’ नावाचे एक ग्राही प्रथिन ‘ड’ची वाट पाहत असते. ‘ड’ त्याच्या खोबणीत बसला की प्रथिनाचा आकार बदलतो. पण एकट्याने त्याला काही करता येत नाही, त्याला ‘आरएक्सआर’ नावाचा जोडीदार लागतो. बँकेतला लॉकर आठवा. एक किल्ली तुमची, एक बँकेची; दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. आणि बँकेची किल्ली सगळ्यांच्या लॉकरना तीच असते, नाही का? आरएक्सआरचेही तसेच आहे. थायरॉइडच्या संप्रेरकाचा ग्राही आला तरी जोडीला आरएक्सआर, ‘अ’ जीवनसत्त्वाचा आला तरी आरएक्सआर.

मग कुठला लॉकर कोणाचा, हे कसे ठरते? आपल्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत. त्यांत जागोजागी सहा अक्षरांचा एक ठरावीक शब्द येतो आणि थोडी मोकळी जागा सोडून तोच शब्द पुन्हा येतो. मधल्या जागेत तीन अक्षरे असतील, तर ती जोडी ‘ड’ची. चार असतील, तर थायरॉइडची. पाच असतील, तर ‘अ’ची! शब्द तोच, फरक फक्त मधल्या जागेचा. कॅलिफोर्नियातल्या साल्क संस्थेत रोनाल्ड इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली हा ३-४-५चा नियम मांडला. पुढे त्याला अपवाद निघाले, जीवशास्त्रात ते निघतातच. पण एका अक्षराच्या अंतरावर एवढा कारभार चालावा, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसताच बसलो होतो.

व्हीडीआर-आरएक्सआरची जोडी जागेवर बसली की जनुक जागे होते. सर्वांत जोरात जागे होणाऱ्या जनुकांपैकी एकाचे काम काय असावे? ‘ड’ला नष्ट करणारे एन्झाइम बनवणे! हुकूम पोहोचताच पहिल्या काही कामांतच हुकूम आणणाऱ्याचा बंदोबस्त होतो. म्हणून तर हुकमाचा जोर बेताबाहेर जात नाही. अर्थात डॉक्टरांना न विचारता वर्षभर पुड्या रिचवणारे महाभाग या बंदोबस्तालाही पुरून उरतात. मग रक्तातले कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंडांवर संकट येते.

पण आतड्याला या हुकमांची गरज काय? मोठ्या आतड्याचे अस्तर चार-पाच दिवसांत जवळजवळ पूर्ण नवे होते. अस्तरात लाखो सूक्ष्म खळगे असतात. पेशी खळग्याच्या तळाशी जन्मतात, भिंतीने वर सरकतात आणि काठाशी आल्या की गळून पडतात. अशा धावत्या कारखान्यात ‘आता विभाजन पुरे’ हे पेशीला वेळेवर कळणे फार महत्त्वाचे. ते कळले नाही, तर पॉलिपचे कोंब फुटतात आणि त्यांतल्या एखाद्यातून कर्करोग उभा राहतो. माद्रिदच्या संशोधकांनी २००१ साली दाखवले, की काचेच्या बशीत वाढवलेल्या आतड्याच्या कर्कपेशींना सक्रिय ‘ड’ दिला, की त्यांच्यात पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारे प्रथिन वाढते आणि ‘वाढत राहा’ असा धोशा लावणारे दुसरे प्रथिन केंद्रकातून बाहेर काढले जाते.

बशीतले झाले, माणसातले काय? एडिंबरा विद्यापीठाच्या गटाने स्वयंसेवकांना रोज ३,२०० युनिट ‘ड’ दिला. म्हणजे ८० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे साडेबारा हजार भाग करून त्यातला एक. बारा आठवडे हे चालले. आधी आणि नंतर गुदाशयाच्या निरोगी अस्तराचा बारीकसा तुकडा काढून तपासला, तर ६००हून अधिक जनुकांच्या कामात फरक दिसला. त्यांतली कितीतरी दाह आटोक्यात ठेवण्याशी संबंधित होती.

एवढे वाचून औषधाच्या दुकानाकडे धाव घेण्याचा मोह होईल. जरा थांबा. अमेरिकेतल्या ‘व्हायटल’ चाचणीत २५,८७१ जण होते. त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० युनिट ‘ड’ मिळाला, उरलेल्यांना त्या जागी नुसती गोळी. कर्करोगाच्या नव्या रुग्णांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. पॉलिप एकदा काढून झालेल्या २,२५९ जणांवरची दुसरी चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. पॉलिप पुन्हा येण्याचे प्रमाण ‘ड’ने कमी झाले नाही. जनुक हलले म्हणजे रोग टळला, असा सरळ हिशेब शरीर मांडत नाही. शिवाय ‘व्हायटल’मधल्या बहुतेकांच्या रक्तात ‘ड’ मुळातच पुरेसा होता. उघड्या लॉकरला किल्ल्या लावून काय होणार?

आणि एवढ्याने व्हीडीआरची कहाणी संपत नाही. २००२ साली डॅलसच्या संशोधकांना आढळले, की त्याच्या खोबणीत आणखी एक पाहुणा बसतो. लिथोकोलिक आम्ल. आपण तेलातुपाचे जेवलो, की पित्त आतड्यात उतरते. त्यातला थोडा भाग मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो आणि तिथले जीवाणू त्यापासून हे आम्ल बनवतात. पेशींना ते घातक असते. व्हीडीआर ते ओळखतो आणि त्याची विल्हेवाट लावणाऱ्या एन्झाइमचे जनुक सुरू करतो. म्हणजे हाडांचा म्हणून प्रसिद्ध असलेला हा गडी आतड्यात विषावर पहाराही देतो!

यातले मूळचे काम कोणते? समुद्रात लँप्रे नावाचा मासा आहे. त्याला जबडा नाही, कॅल्शियमची हाडे नाहीत, दातसुद्धा आपल्या नखांसारख्या केराटिनचे. त्याचे कूळ आपल्या पूर्वजांपासून सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. अशा या बिनहाडाच्या माशात २००३ साली संशोधकांनी शोध घेतला, तर तिथेही व्हीडीआर निघाला, ‘ड’ला घट्ट धरणारा. हाडेच नाहीत, तर हा तिथे करतो काय? संशोधकांचा कयास आहे, की विषारी रसायनांची विल्हेवाट.