दादांचा आवाज आणि म्हातारा कपॅसिटर

१९६५ सालच्या फितीवर आमच्या दादांचा आवाज आहे. पण टेपरेकॉर्डरची मोटर नुसती घुमे, फिरेना! वाचकहो, असे यंत्र लगेच मोडीत काढू नका. घरगुती विजेवर अशा मोटरीला फिरण्याची दिशा मिळते ती कपॅसिटरमुळे. वर्षांनुवर्षे त्यातला कागद दमट होतो, आवरण तडकते, मायक्रोफॅरड घटतात आणि मोटरीचा जोर सरतो.

आधी प्लग काढावा. साठलेली वीज रेझिस्टन्समधून, जाणत्याच्या हातूनच, उतरवावी. नवा कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा, ए.सी.साठीच बनवलेला, तेवढेच किंवा अधिक व्होल्ट सोसणारा असावा. धन-ऋण खुणांचा चालत नाही.

आम्ही तसाच बसवला. चकत्या फिरल्या, दादा खाकरले. आणि आई पदर सावरून बसली!