जीव गेल्यावर लाख, त्याआधी किती?

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केलेली, लाल कांद्याचा भाव बसलेला. चांदवड तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका वस्तीवर मी उन्हाळ कांद्यावरचा करपा पाहायला गेलो होतो. पात पाहिली, बुरशीनाशक कोणते नि किती पाण्यात घ्यायचे ते कागदावर लिहून दिले. शेताचे मालक, गावात त्यांना सगळे नाना म्हणतात, गाडीपर्यंत सोबत आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, कांद्याचं औषध सांगितलं, आता झोपेचं सांगा. महिना झाला, डोळ्याला डोळा लागंना."

मी म्हणालो, "नाना, डॉक्टरला दाखवा." गाडीला किक मारली आणि पुढच्या वस्तीवर गेलो. कृषी पदविकेत माती, बियाणे, खते, रोग, किडी सगळे शिकलो. डाळिंबाला मर लागली तर मुळाशी काय ओतायचे ते झोपेतही सांगेन. पण समोरचा माणूसच तसा सुकत चालला तर काय करायचे, याचा धडा कुठे नव्हता. त्या दिवशीच्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

नानांनी डॉक्टरला दाखवले. मुलाला घेऊन नाशिकला खाजगी दवाखान्यात गेले. वस्तीवरून चांदवड आणि तिथून साधारण ६५ किलोमीटर नाशिक. दोघांचे एस. टी. भाडे, तपासणी फी, महिन्याच्या गोळ्या, शिवाय दोघांचा दिवस बुडाला तो वेगळाच. असे दोनदा गेले. तिसऱ्या खेपेच्या आधी कांद्याची हिशोबपट्टी हातात पडली आणि जाणे राहिले. गोळ्या मध्येच सुटल्या. उदासीच्या आजारावरील गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या बंद करायच्या नसतात, हे त्यांना कुणी नीट सांगितले नसावे. एप्रिलमध्ये दुखणे उलटले. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले आहेत, हे त्यांना माहीत नव्हते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. आणि माहीत असते तरी भाडे आणि बुडालेला दिवस होताच.

आता सरकारी हिशेब पाहू. कर्जबाजारी शेतकऱ्याने जीव दिला आणि प्रकरण पात्र ठरले तर त्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. त्यातले ३० हजार धनादेशाने आणि ७० हजार ठेवीच्या रूपात, ही २००६ पासूनची रीत. मदत मिळालीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण माणूस जिवंत असताना त्याच्यासाठी किती? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. त्यातून एका जिल्ह्याला वर्षाकाठी ८३ लाख २० हजार रुपयांपर्यंत मदत देण्याची मर्यादा ठरलेली. आकडा ऐकायला मोठा वाटतो. नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६१ लाख ७ हजार होती. भागून पाहा, माणशी १ रुपया ३६ पैसे येतात, तेही सगळी रक्कम आली तर! चांदवड तालुक्याच्या वाट्याला या हिशेबाने सव्वातीन लाखांच्या आसपास पडतात. त्यात नवा ट्रॅक्टर निम्माच येईल.

राज्य सरकारने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' काढला. आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकऱ्याची झोप, भूक, काळजी विचारायची, दुखणे किती आहे ते ठरवायचे आणि गरजेप्रमाणे समुपदेशकाकडे किंवा मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवायचे. कल्पना चांगली. पण तो विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी होता, त्या यादीत नाशिक नव्हते. द्राक्षाचा जिल्हा म्हणजे बागायतदारांचा जिल्हा, असा समज मुंबईत असावा. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांवर टँकरची वाट पाहणारी माणसे तिथून दिसत नाहीत.

तरी आपल्याच जिल्ह्यात एक काम झाले आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक आहे. जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला पेठ तालुका, डोंगराळ, भात-नागलीचा, आदिवासी वस्तीचा. तिथल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचे मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्र त्यामागे होते, आणि पैसा आला होता थेट कॅनडातून, ग्रँड चॅलेंजेस कॅनडा या संस्थेकडून.

पद्धत साधी होती. गावातलीच, लोक ज्यांचे ऐकतात अशी माणसे निवडली. काहींनी फक्त नजर ठेवायची, कोण गप्प झाला, कोण शेतात जाईना, कोणती बाई पाण्यालाही येईना. निवडक काहींना जास्त शिकवले. त्यांनी त्या माणसाकडे चार-सहा वेळा जाऊन बसायचे, ऐकून घ्यायचे, मोबाईलवर लहान चित्रफिती दाखवून बोलते करायचे, दुखणे जड असेल तर दवाखान्याची वाट दाखवायची. आणि एक गोष्ट मला फार पटली. सरकारी योजनांचा लाभ मिळवून देणे हेही त्यांचेच काम होते. आपण पंचायत समितीत बसणारे जाणतो की अर्ध्या लोकांची झोप निराधार योजनेच्या अर्जात नाही तर रेशनकार्डात अडकलेली असते. कागद निघाला की छातीवरचा धोंडा निघतो.

मुदत संपली आणि पेठमधला प्रयोग थांबला. पुढे २०१७ पासून तोच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला गेला तो गुजरातमध्ये, मेहसाणा जिल्ह्यातल्या सहाशेहून अधिक गावांत. रोप पेठला तयार झाले, लागवड मेहसाण्याला झाली. गुजरातच्या शेतकऱ्याचे भले झाले याचा आनंदच आहे, पण आपली वाफ्यातली जागा रिकामी राहिली ती राहिलीच.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा असाच प्रकल्प झाला. संगाथ आणि प्रकृती या संस्थांनी तो चालवला, पैसा टाटा ट्रस्टचा. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उदासीच्या आजाराने त्रासलेल्या १०० जणांपैकी सुरुवातीला जेमतेम ४ जण उपचारापर्यंत पोचत होते, दीड वर्षात ते प्रमाण २७ वर गेले. म्हणजे गावातल्या माणसाने गावातल्या माणसाजवळ बसून ऐकले तर फरक पडतो, हे आता नुसते म्हणणे राहिलेले नाही.

दोन्हीकडे पैसा मात्र बाहेरचा. बाहेरचा पैसा पाहुण्यासारखा, आला तर आनंद, पण त्याच्या भरवशावर घर चालत नाही. म्हणून मी आपल्या तालुक्यापुरता एक हिशेब मांडून पाहिला. समजा काजीसांगवीच्या बाजूची पाच गावे एकत्र आली. पाच गावांत मिळून एक शिकलेली ताई, महिना ६ हजार मानधन, वर्षाचे ७२ हजार. तिचा प्रवास आणि फोन, महिना एक हजार, १२ हजार. महिन्यातून एकदा मानसोपचार तज्ज्ञाला जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बोलवायचे, येण्याजाण्यासह तीन हजार धरू, ३६ हजार. एकूण एक लाख वीस हजार, गावावर वर्षाला २४ हजार. प्रशिक्षण जिल्हा मानसिक आरोग्य पथकाकडून मागून घ्यावे. एका पात्र आत्महत्येमागे सरकार देते त्याहून थोडी जास्त रक्कम, आणि त्यात पाच गावांचे वर्ष निघते. हे आकडे माझे आहेत, कुणी दुरुस्त केले तर बरेच.

आणायचे कुठून? इथे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) लक्ष द्यावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत ४० टक्के अबंधित होते, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. म्हणून मानधन अशा निधीवर टाकू नका, लेखापरीक्षणात अडकाल. मानधन स्वउत्पन्नातून घ्यावे. स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात, बायकांच्या समुपदेशनाचा खर्च त्यात बसवता येईल का ते गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारावे. ५ टक्के दिव्यांगांसाठी असतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजारही धरलेला आहे. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यांच्या औषधपाण्याला आणि भाड्याला हा पैसा लागू शकतो. कित्येक गावांत हा निधी डिसेंबरपर्यंत पडून राहतो आणि मार्चमध्ये घाईघाईने वस्तू वाटून संपवतात, हे मी तपासणीला जाऊन पाहिले आहे.

घरपट्टीची वसुली रखडलेल्या लहान गावाला २४ हजारही जड जातात, ते मान्य. तिथे सोसायटी, दूध डेअरी, पतसंस्था यांनी आपल्या वार्षिक सभेत विषय घ्यावा. बाजार समितीनेही घ्यावा. पण शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून आणखी एक कपात नको, हमाली-तोलाईच पुरे आहे. सप्ताहाची वर्गणी गोळा करताना वेगळी पावती फाडली तर? सप्ताह बंद करा असे माझे म्हणणे नाही, मी स्वतः टाळ धरतो.

ताई निवडताना पुढाऱ्याची सून म्हणून निवडू नका. जिच्याजवळ बोललेले बाहेर जात नाही, तीच निवडा. कुणाकुणाला त्रास आहे त्याची यादी ग्रामसभेत वाचायची नाही, दप्तरात नाव लिहायचे नाही, फक्त संख्या लिहायची. एकदा नाव फुटले की दुसरा माणूस तोंड उघडत नाही. आणि बाईच का, असे विचारणाऱ्यांनी नोव्हेंबर १९८६ आठवावा. शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन याच चांदवडला भरले होते. शेतकऱ्याच्या घरातल्या बायका आपले दुखणे इथे हजारोंच्या गर्दीत बोलल्या, मग ओट्यावर बसून दुसऱ्याचे ऐकणे त्यांना अवघड नाही.

पैसा जमेपर्यंत काही गोष्टी फुकट होण्यासारख्या आहेत. १४४१६ हा टेली मानसचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. तो सोसायटीच्या फळ्यावर आणि कृषी सेवा केंद्राच्या दारावर लिहा. फवारणीची औषधे राहत्या घरात ठेवू नका, लागतील तेवढीच आणा, आणि घरात कुणी खचलेले असेल तर किल्ली दुसऱ्याकडे असू द्या. श्रीलंकेने १९९५ नंतर अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली, तेव्हापासून वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले. कुणाकडून तसा प्रयत्न झालाच तर पोलीस केसच्या भीतीने दवाखान्यात न्यायला वेळ लावू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला शिक्षेची नव्हे, उपचाराची गरज धरली आहे. पोलीस पाटलांनी हे गावात सांगावे.

नानांचे काय झाले, ते राहिले. मे महिन्यात गावच्या आशाताईने त्यांच्या ओट्यावर बसून १४४१६ लावून दिला. नाना पाऊण तास बोलले, एवढे ते मागच्या वर्षभरात घरात बोलले नसतील. आता गोळ्या जिल्हा रुग्णालयातून येतात, भाडे अजून खिशातूनच जाते. परवा भेटले तेव्हा कांद्याच्या रोपाची चौकशी करत होते. मी आधी विचारले, "नाना, झोप?" म्हणाले, "लागती आता. कवा कवा नाही लागत."

पुढील वर्षाच्या आराखड्याचे विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून घेतले जातात. ठरावाचा मसुदा मी एका पानात करून ठेवला आहे. ज्या ग्रामपंचायतीला हवा असेल तिने बाजारच्या दिवशी पंचायत समितीत येऊन न्यावा.