विश्लेषण : घरी बांधलेली गाडी रस्त्यावर का आणता येत नाही?

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. डिसेंबर २०२१ मध्ये ते देशभर गाजले, ते एका छोट्या जीपमुळे. गावातील कारागीर दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातील भाग जोडून सुमारे ६० हजार रुपयांत ती बांधली. चारचाकी असूनही दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. चित्रफीत पाहून उद्योगपती आनंद महिंद्र यांनी कौतुक केले. मात्र ती नियमांत बसत नाही, प्रशासन आज ना उद्या ती थांबवेल, असे सांगून बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहार कुटुंबाला मिळाली.

या पट्ट्याची लोखंडाशी ओळख जुनीच. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली ती नांगरांसाठी. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यात नांगर आणि पुढे डिझेल इंजिने तयार झाली. अंगणात पिकअप बांधायला घेणारा कारागीर इथे नवलाचा नाही. अडते ते पुढे.

नोंदणी का मिळत नाही?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन चालवता येत नाही. नोंदणीआधी, नियम १२६ प्रमाणे, निर्मात्याने नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यायची असते. यांपैकी एआरएआय आणि सीआयआरटी या संस्था पुण्यात, तर व्हीआरडीई अहिल्यानगरला. साताऱ्याहून पुणे अवघ्या काही तासांवर. पण ही व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यांसाठी आहे. एकाच गाडीसाठी तो खर्च कोण करणार? ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी होते. आपल्याकडे तसा सुटसुटीत मार्ग नाही, ही उणीव मान्य करायला हवी.

जुन्या नोंदणीकृत गाडीचा सांगाडा वापरला तरी सुटका नाही. कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले.

शेतात चालवली तर?

हा समज अर्धाच खरा. कलम ३९ सार्वजनिक जागेबरोबर ‘अन्य कोणत्याही ठिकाणा’चाही उल्लेख करते. सूट आहे ती फक्त बंदिस्त आवारासाठीच बनवलेल्या विशेष वाहनांना.

खरा धोका दंडाचा नाही. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. अशा गाडीखाली कुणी सापडले, तर भरपाई मालकाच्या घरादारातून जाणार. ‘जुगाड’ हेही मोटार वाहनच, नियम पाळल्याशिवाय ते रस्त्यावर नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. ते प्रकरणही अपघाताच्या भरपाईचेच होते.

पहिल्या फेरीत काय पाहायचे?

इंजिन सुरू झाले की बांधणारा हुरळतो. पण आधी पाहायचे ते ब्रेक. वेग ताशी २० वरून ४० किलोमीटर झाला, की थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, जवळपास चौपट होते. पिकअपचे दुखणे आणखी वेगळे. हौदा रिकामा असेल, तर जोरात ब्रेक दाबताच मागची चाके जागीच अडकून घसरतात. मागच्या चाकांपलीकडे माल लादला, तर पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही. म्हणून बंदिस्त आवारात, पायी चालण्याच्या वेगाने, आधी रिकामी आणि मग थोडी थोडी पोती टाकून फेरी घ्यायची. प्रत्येक फेरीनंतर खाली वाकून वेल्डिंगला तडा गेलाय का, ते बघायचे. आणि इंजिन मोटारसायकलचे असेल, तर रिव्हर्स गिअर नसतो. गाडी मागे ढकलायला दोन माणसे बरोबर हवीत.