रानातला शेजारी

सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता कडोदऱ्याच्या चौकात मुंबई-अहमदाबाद महामार्गाला छेदतो. चौकाभोवती कारखान्यांची दाटी झाली आहे. पण थोडे पुढे गेले की उसाची शेते लागतात. दक्षिण गुजरातच्या या उसात कोल्हा आसरा घेतो. उंदीर हे त्याचे नित्याचे अन्न. प्रसंगी तो बोरे आणि काकडीही खातो. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण हिणवण्यासाठी वापरतात खरी, परंतु ती रचणाऱ्याने हा प्राणी नीट न्याहाळला होता, यात शंका नाही.

येथे नावाचा एक घोटाळा दूर केला पाहिजे. गोष्टींच्या पुस्तकांतून इंग्रजी ‘फॉक्स’ला कोल्हा म्हणतात, वस्तुतः तो शब्द खोकडाचा आहे. कोल्हा लांडग्याचा जवळचा आप्त. खोकड त्याहून लहान, झुपकेदार शेपटीचे आणि माळावर बीळ करून राहणारे.

लांडग्याच्या वंशातून माणसाने कुत्रा घडविला, हे सर्वश्रुत आहे. मग खोकडाशी त्याचे केवळ वैरच होते काय? जमिनीखालचा पुरावा निराळे सांगतो. जॉर्डनमधील उयून अल्-हम्माम येथे सुमारे १६,५०० वर्षांपूर्वीची दफनभूमी सापडली. तेथे एका थडग्यातील मानवी अस्थी शेजारच्या थडग्यात हलविताना खोकडाचे अवशेषही बरोबर नेले गेले, असा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. अर्जेंटिनातील कान्यादा सेका येथे तर सुमारे १,५०० वर्षांपूर्वी शिकारी व कंदमुळे वेचणाऱ्या लोकांबरोबर खोकडासारखा एक रानटी प्राणी पुरलेला आढळला. ती जात आता नामशेष झाली आहे. हाडांतील कार्बन व नायट्रोजन यांच्या प्रमाणावरून प्राण्याचा आहार ओळखता येतो. या प्राण्याचा आहार रानातील जातभाईंपेक्षा तेथील माणसांच्या आहाराशी अधिक जुळला. तो माणसांच्या वस्तीत त्यांचा सोबती म्हणून राहिला असावा, असे २०२४ च्या अभ्यासात म्हटले आहे.

आपल्याकडे अशा थडग्यांची साक्ष नसली, तरी रीतीभातींची आहे. सह्याद्रीच्या उत्तर भागातील आदिवासी गावांत आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस पाळतात. वाघदेवाला नैवेद्य दाखवून गुराढोरांचे रक्षण मागतात. कित्येक गावांत मुले वाघ, अस्वल, कोल्हा यांची सोंगे घेतात आणि त्यांना लटकेच पिटाळून लावले जाते. त्या विनवणीत रानाचा नाश मागितलेला नसतो. प्रत्येकाने आपापल्या हद्दीत राहावे, एवढेच मागणे असते.

प्राण्याला दावणीला बांधल्याखेरीज नाते जुळत नाही, हा समज म्हणूनच अपुरा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्ह्या-खोकडांना संरक्षण दिले. परंतु माळ नांगरला किंवा त्यावर इमारत उभी राहिली, की खोकडाचे बीळही जाते. ते कायद्याच्या कागदावर पुन्हा खणता येत नाही. शेजारी टिकवायचा, तर त्याचे अंगण शिल्लक ठेवावे लागते.